लुचिया आकाराम

नर्सनं यादी वाचली,
‘लुच्ची… लुच्चीया भोईटे कोण?’
साताऱ्याच्या दवाखान्यातलं अख्खं बाकडं हसलं.
मीही हसले.
अठ्ठ्याहत्तर वर्षांची सवय आहे,
मोतीबिंदू पिकला तरी कळतं
कोण तोंडाला पदर लावून हसतंय.

बाप हवालदार, आकाराम भोईटे.
इटलीच्या लढाईवरनं आला तेव्हा ट्रंकेत होता
एक वस्तरा, एक मफलर,
पोचा पडलेला मग,
आणि हे नाव.
मी झाल्यावर मला घातलं,
थोरल्या पोराचं झबलं धाकटीला घालावं तसं,
खांद्यावरनं ओघळणारं.

बारशाला आत्या अडून बसली :
‘कुर्र करीन, पण असलं नाव सांगायची न्हाई.
पोरगी नंबरी निघंल.’
मग बापच पाळण्यावर वाकला, मिशा टोचवत.
बायका भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

शाळेत रेठरेकर गुरुजींनी दौत उघडली,
म्हणाले, लुच्ची कसं लिहू? लोचना लिहितो.
सासरी ताटातल्या तांदळात
अंगठीनं रेघोट्या ओढल्या : सुलभा.
पन्नास वर्षं सुलभा होऊन पाणी भरलं.
मालक गेले, मी परत माहेरच्या वसना नदीकाठी,
आणि पेन्शनच्या कागदात बघते तर
पलटणीतल्या कुण्या कारकुनानं
पहिलंच नाव जपून ठेवलेलं,
काना-वेलांटीसकट.

बाप एवढंच सांगायचा, जेवताना, ताटाकडं बघत :
नदी होती. वसनेएवढीच,
पण दोन्ही बांध घराएवढे उंच, आत सुरुंग.
एक फुटला. डोळ्यांत माती गेली.
दोन दिवस तळघरात पडून होतो.
कुणी बाई होती, पोर का म्हातारी ते कळेना,
ओल्या फडक्यानं डोळे पुसायची
आणि एकच शब्द म्हणायची, परत परत.
‘नावच सांगत असणार.
आंधळ्याला माणूस आणि काय सांगणार?’
मग भाकरीचा तुकडा मोडायचा.

परवा नातीनं फोनमधून वाचून दाखवलं.
जुन्या रोमात म्हणे
पहाटे जन्मलेल्या पोरीला हे नाव ठेवायचे.
(मी भरदुपारची. म्हणजे तिथंही चुकलंच.)
मग सिसिलीतली एक पोरगी, धर्मापायी मारलेली.
चित्रात तिच्या हातात ताट,
ताटात दोन डोळे,
आपण निरांजनं नेतो तसे.
डोळे अधू झालेले तिला नवस बोलतात.
डिसेंबरात तिची रात्र येते,
एके काळी वर्षातली सर्वांत लांब मानलेली.
तिकडची पोरं दाराशी गवत ठेवून झोपतात,
तिच्या गाढवासाठी.
गाढवासाठी!
तिथं मला ती आपल्यातली वाटली.

‘आणि आजी, लोचन न् लुचिया
मुळात एकाच धातूचे. चमकणं, दिसणं.’
म्हणजे गुरुजींनी जे खोडलं
तेच पुन्हा लिहिलं, शाई वाया घालवून.

मग नात जरा थांबली.
‘तिकडं लूचे म्हणजे उजेड.
आजी, ती बाई नाव सांगत नसेल.
विचारत असेल.’

परातीत माझा हात तसाच राहिला.
विचारायचं कुणाला?
बाप जाऊन चव्वेचाळीस वर्षं झाली,
आणि ती बाई,
तिचं खरं नाव काय होतं
हे आता नदीलाही ठाऊक नसेल.

आज सकाळी पट्टी सोडली.
कापूस निघाला, चिकट, गार,
कुणाची तरी बोटं पापणीवरनं फिरली.
डॉक्टरीणबाई वाकून म्हणाल्या,
‘मावशी, उजेड दिसतोय का?’

म्हटलं, नाव तर
मघाशीच सांगितलं की.